डॉ. माल्कमसन यांचा जीवाश्मविषयक निबंध आणि घोड-भीमेचा गाळ

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याचे पूर्वेकडील तालुके इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहींत. वढू बुद्रुक येथील संभाजी महाराजांची समाधि, कोरेगांवची इ. स. १८१८ ची लढाई, घोडनदीची इंग्रजांची छावणी, भीमाकांठचें दौंडचें रेल्वे-जंक्शन, या विषयांवर पुष्कळ लिहून झालें आहे व पुढेंही लिहिलें जाईल. परंतु याच तालुक्यांतील नद्यांच्या दरडींत दुसऱ्या एका प्रकारचें साधन पुरलेलें आहे. आणि इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्याची जितकी दखल घ्यावी तितकी घेतलेली नाहीं. दगड झालेलीं हाडें व शिंपले हें तें साधन होय. तें वाचावें कसें, आणि वाचण्याच्या आधीं जपावें कसें, याचा एक उत्तम धडा सुमारें दोनशें वर्षांपूर्वींच्या एका डॉक्टराच्या निबंधांत आहे. त्या निबंधाचें गुणदोष तपासणें, व त्यांतला कोणता भाग आज घोड-भीमेच्या कांठीं उपयोगी पडेल तें दाखविणें, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा निबंध डॉ. जॉन ग्रँट माल्कमसन यांचा. लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढें तो इ. स. १८३७ सालीं वाचण्यांत आला, व त्या मंडळाच्या ग्रंथमालेंत १८४० सालीं छापला गेला. हिंदुस्थानांतील विस्तीर्ण कृष्णपाषाण-प्रदेशाच्या पूर्व भागांतील जीवाश्म, असा त्याच्या मथळ्याचा आशय आहे. माल्कमसन हे स्कॉटलंडांतील फॉरेस गांवचे. त्यांचा जन्म १८०२ सालचा. कंपनी सरकारच्या मद्रासकडील वैद्यकीय खात्यांत ते नोकरीस होते, व तेथील वैद्यकीय मंडळाचे चिटणीसही झाले. बेरीबेरी या रोगावरील त्यांचा ग्रंथ १८३५ सालीं मद्रासेस छापला गेला. म्हणजे रोग्यांची शुश्रूषा हा त्यांचा धंदा, आणि खडकांचा अभ्यास हा फावल्या वेळचा उद्योग. रजेवर मायदेशीं गेले असतांही त्यांनीं आपल्या गांवाकडील तांबड्या वालुकाश्मांत दगड झालेल्या माशांचा शोध चालविला होता. पुढें ते मुंबईस आले, तेथील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेचे चिटणीस झाले, आणि १८४४ सालीं खानदेशांत धुळें येथें मरण पावले.

वैद्यकी करणाऱ्या मनुष्यानें या उद्योगांत पडावें यांत आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं. त्या काळीं शरीररचना, रसायन व वनस्पति या विषयांचें थोडेंबहुत पद्धतशीर शिक्षण ज्यांस मिळे, अशा वर्गांत डॉक्टर प्रमुख होते. आणि हाडाचा तुकडा पाहून तो कोणत्या अवयवाचा हें सांगण्याचा सराव तर त्यांस रोजचाच. इंग्लंडांत लुइस नांवाच्या गांवीं वैद्यकी करणारे गिडिअन मँटेल यांनीं रोगी पाहतां पाहतां भोंवतालच्या खाणींतले दांत व हाडें जमविलीं, आणि १८२५ सालीं ‘इग्वानोडॉन’ या प्रचंड सरड्यासारख्या प्राण्याचें वर्णन जगापुढें ठेविलें. आपल्याकडे डॉ. हेन्री व्हॉयसी हे कर्नल लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर वैद्य व भूगर्भज्ञ अशा दुहेरी नात्यानें हिंडत होते. आणि काळ्या पाषाणाच्या थरांत शंख सांपडतात ही गोष्ट माल्कमसन यांच्या आधीं त्यांच्याच दृष्टीस पडली. व्हॉयसी १८२४ सालीं वारले. त्यांनीं पाहिलेली गोष्ट सप्रमाण मांडण्याचें काम माल्कमसन यांच्याकडे आलें.

आतां निबंधाकडे वळूं. हैदराबादेहून नागपुराकडे जाणारा रस्ता गोदावरी ओलांडल्यावर निर्मळच्या डोंगररांगेंत शिरतो. निबंधांत या रांगेस ‘सिचेल’ असें नांव दिलेलें आहे. या मुलखांत, आणि पुढें हिंगणघाटाच्या बाजूस, काळ्या पाषाणाच्या थरांमध्यें गारगोटीसारख्या कठीण झालेल्या दगडांचे पट्टे माल्कमसन यांस आढळले. त्या दगडांत लहान शंख, शिंपले, डोळ्यांस जेमतेम दिसतील असे कवचधारी जीव, आणि पाण्यांत वाढणाऱ्या ‘कारा’ नामक वनस्पतीच्या बीजाएवढ्या फळांचे ठसे होते. हे सर्व जीव गोड्या पाण्यांतले. यावरून त्यांनीं अनुमान केलें तें असें : जेथें आज डोंगर आहे तेथें एके काळीं तळें होतें, तळ्याच्या गाळांत हे जीव पुरले गेले, आणि मागाहून पृथ्वीच्या पोटांतून आलेला तप्त रस त्यावर पसरून तो गाळ भाजला व बदलला. काळ्या पाषाणाच्या उत्पत्तीविषयीं जेव्हां नाना तर्क चालत होते, त्या काळीं एका शंखावरून पाषाणाचा व गाळाचा पूर्वापरक्रम लावणें हें लहान काम नव्हे.

शंखशिंपल्यांचें शास्त्रीय वर्णन सॉवर्बी यांनीं केलें. त्यांनीं दिलेल्या नांवांत इतिहासाच्या अभ्यासकास कौतुक वाटेल असें एक नांव आहे. निबंधांतील मुख्य शंखास ‘फायसा प्रिन्सेपी’ म्हटलें आहे. ज्या जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ च्याच सुमारास ब्राह्मी लिपीचा उलगडा करून अशोकाचे लेख बोलते केले, त्यांच्या नांवानें हा दख्खनी शंख ओळखला जातो. माल्कमसन यांचें हैदराबाद-नागपूर मुलखांतील दगडांविषयींचें पहिलें टिपण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, तें प्रिन्सेप यांच्या संपादकत्वाखालील कलकत्त्याच्या नियतकालिकांतच. शिलालेख वाचणारे व शिलांतले जीव वाचणारे लोक त्या वेळीं एकाच पंक्तीस बसत असत. पुढें ती पंक्ति मोडली, ही गोष्ट दोहोंच्याही हिताची झाली नाहीं.

निबंधाचा खरा गुण कोणता, याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. त्यांतील अनुमानें चतुर आहेत, परंतु निबंध टिकला तो अनुमानांमुळें नव्हे. शंख कोणत्या गांवाजवळ, कोणत्या घाटांत, कोणत्या जातीच्या दगडांत मिळाला, त्या दगडाच्या वर काय होतें व खालीं काय होतें, हें कर्त्यानें लिहून ठेविलें, म्हणून तो टिकला. मागाहून काय घडलें तें पाहिलें म्हणजे याची खात्री पटते. नागपुरास मिशनचें काम करणारे स्टीफन हिस्लॉप व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनीं टाकळी इत्यादि ठिकाणच्या अशाच थरांचा अभ्यास करून १८५५ सालीं निबंध लिहिला. पुढें १८६० च्या निबंधांत हिस्लॉप यांनीं हे थर तृतीयक युगांतले, म्हणजे तुलनेनें अलीकडचे, ठरविले. विसाव्या शतकांत बिरबल साहनी यांनीं वनस्पतींच्या अवशेषांवरून तृतीयक युगाचाच पक्ष उचलून धरला. त्यानंतर सूक्ष्म जीवांचा अभ्यास, खडकांचें चुंबकत्व व किरणोत्सर्गी द्रव्यांवरून काढलेले काळ यांच्या योगानें मत फिरलें. दख्खनच्या ज्वालामुखींचा मुख्य उद्रेक सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींचा, क्रिटेशस युगाच्या अखेरीच्या आसपासचा, असें आज मानतात. आणि प्रिन्सेप यांच्या नांवाचा तो शंख आतां त्याच अखेरच्या काळाची खूण म्हणून उपयोगांत आणितात. काळाचा निर्णय याप्रमाणें बदलत गेला, तरी शंखाचें ठिकाण व थर यांची नोंद बदलावी लागली नाहीं. किंबहुना ती नोंद होती म्हणूनच निर्णय सुधारतां आला.

कागदपत्रांच्या संशोधनांत हाच न्याय चालतो. एखादा मोडी कागद हातीं आला असतां तो कोणत्या घराण्याच्या दप्तरांतला, कोणत्या रुमालांतला, त्याच्या शेजारीं कोणते कागद होते, हें प्रथम विचारावें लागतें. मजकूर कितीही महत्त्वाचा असला, तरी कूळ नसलेल्या कागदावर इमारत उभारतां येत नाहीं. आमच्या देवघरांतही ही दृष्टि अगदीं अपरिचित नाहीं. शाळिग्राम हा वस्तुतः अमोनाइट नांवाच्या प्राचीन सागरी जीवाचा अश्म. पण तो गंडकीचा असला पाहिजे, हा आग्रह परंपरेनें सोडला नाहीं. आग्रहाचें कारण धार्मिक असेल. परंतु त्यामुळें दगडाचें मूळस्थान शेंकडों वर्षें लोकांच्या स्मरणांत राहिलें, हें खरें.

आतां दोष. पहिला दोष नांवांचा. गांवांचीं व डोंगरांचीं नांवें कानाला जशीं वाटलीं तशीं इंग्रजी अक्षरांत उतरलीं आहेत. निबंधांतील ‘हटनूर’ म्हणजे उटनूर, ‘सिचेल’ म्हणजे निर्मळची रांग, असें भाषांतर करूनच आजच्या वाचकास पुढें जावें लागतें. ज्या निबंधाचें बळ ठिकाणाच्या नोंदींत आहे, त्यांत ठिकाणाचें नांवच डळमळीत असणें हें वैगुण्य लहान नाहीं. दुसरा दोष असा कीं, नमुने व त्यांचें वर्णन हीं दोन्ही लंडनला गेलीं. तत्कालीन परिस्थितींत दुसरा मार्ग नव्हता हें कबूल करूनही म्हणावें लागतें कीं, ज्या मुलखांतला शंख त्या मुलखाच्या माणसाला तो पाहण्याची सोय पुष्कळ काळ राहिली नाहीं. तिसरी गोष्ट कर्त्याचा दोष म्हणतां येणार नाहीं, परंतु ती सांगितली पाहिजे. निबंध रस्त्याच्या कडेनें लिहिलेला आहे. मोठी वाट जेथून गेली तेथलेच थर दिसले. वाटेपासून दूर असलेला मुलूख कोराच राहिला. मथळ्यांत ‘पूर्व भाग’ असे शब्द घालून माल्कमसन यांनीं ही मर्यादा प्रामाणिकपणें कबूल केली आहे. ती मर्यादा विसरून पूर्व भागांतील नियम सबंध दख्खनला लावणें, हा वाचकाचा दोष होय.

शिरूर व दौंडच्या दृष्टीनें हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. या भागांतील काळा पाषाण फोडून निर्मळ-नागपूरसारखे शंख शोधणारा अभ्यासक बहुधा रिकाम्या हातानेंच परत येईल. तळ्यांच्या गाळाचे शंखयुक्त थर मुख्यतः दख्खनच्या पाषाण-प्रदेशाच्या कडेला आढळतात : नागपूर, चंद्रपूर, आदिलाबाद, जबलपूर या बाजूंस, आणि पश्चिमेस मुंबईस. मुंबईच्या वरळी टेकडींतील असे थर तेथील डॉक्टरांमुळेंच प्रसिद्धीस आले. डॉ. हेन्री जॉन कार्टर यांनीं १८५२ सालीं मुंबई बेटांच्या भूगर्भाचें वर्णन केलें. त्यांत ज्या अश्मीभूत कासवाची माहिती आली त्यास डॉ. लीथ यांचें नांव मिळालें. तेथेंच इवल्याशा बेडकांचे सांगाडेही सांपडले. पुणें प्रांतांत मात्र रसाच्या थरांवर थर जाड चढलेले आहेत, आणि दोन थरांच्या मध्यें बहुधा तांबड्या भाजलेल्या मातीची पट्टी दिसते. त्या पट्टींत शंख मिळत नाहींत. यावरून ‘आमच्याकडे जीवाश्म नाहींत’ असा एक समज रूढ झाला आहे. हा समज पाषाणापुरता बराचसा खरा, परंतु नद्यांच्या गाळाविषयीं सर्वस्वीं खोटा आहे.

घोड, तिला मिळणारी कुकडी, आणि या दोघींचें पाणी नेणारी भीमा, यांच्या कांठीं ठिकठिकाणीं उंच दरडी आहेत. दरडीच्या तळाशीं चुन्यानें घट्ट बांधली गेलेली खडी व वाळू, तिच्यावर पिवळसर गाळ, आणि माथ्यावर काळी माती, असा क्रम पुष्कळ ठिकाणीं दिसतो. या जुन्या खडी-वाळूंत मोठ्या सस्तन प्राण्यांचीं अश्मीभूत हाडें, दांत व गोड्या पाण्यांतले शिंपले सांपडतात. घोडनदीचा गाळ डेक्कन कॉलेजच्या राजगुरू, बदाम प्रभृति संशोधकांनीं अभ्यासिला असून, बदाम यांचा हिंदुस्थानांतील प्लाइस्टोसीन प्राण्यांवरील ग्रंथ १९७९ सालीं प्रसिद्ध झाला आहे. शेजारच्या गोदावरीच्या गाळाची साक्ष त्याहून जुनी आहे : नांदूर मध्यमेश्वर येथें मिळालेल्या प्राचीन हत्तीच्या अवशेषांचें वर्णन भूगर्भ खात्याच्या पिलग्रिम यांनीं १९०५ सालीं केलें. येथें एक खुलासा अवश्य आहे. निर्मळचा शंख व घोडनदीचें हाड या दोहोंसही आपण जीवाश्म म्हणतों. परंतु पहिला कोट्यवधि वर्षांचा, तर दुसऱ्याचा काळ हजारों किंवा फार तर कांहीं लक्ष वर्षांचा. पहिल्याच्या वेळीं मनुष्य नव्हता. दुसऱ्याच्या थरांत माणसाचीं दगडी हत्यारें मिळतात. म्हणून घोडनदीचें हाड हें इतिहास-मंडळाच्या कक्षेच्या अधिक जवळ आहे.

थराची नोंद किती मोलाची, याचें उदाहरण कुकडीच्या कांठींच आहे. जुन्नर तालुक्यांतील बोरी येथें नदीच्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर व त्याच्या सान्निध्यांत दगडी हत्यारें आढळलीं. राखेचा काळ प्रथम सुमारें १४ लाख वर्षें निघाला. १९९५ सालीं दुसऱ्या पद्धतीनें तो ६ लाख ७० हजार वर्षें सांगण्यांत आला. आणि त्याच सुमारास अन्य संशोधकांनीं ही राख सुमात्रा बेटांतील टोबा ज्वालामुखीच्या सुमारें ७५ हजार वर्षांपूर्वींच्या स्फोटाची आहे असें प्रतिपादिलें. चौदा लक्ष कोठें व पाऊण लक्ष कोठें! माणूस या खोऱ्यांत केव्हां आला, या प्रश्नाचें उत्तर त्या अंकावर अवलंबून आहे. इतका मोठा वाद होऊं शकला, पुन्हां पुन्हां नमुने घेतां आले, याचें कारण एवढेंच कीं, तो थर जागेवर होता व त्याची जागा लिहिलेली होती.

त्याच घोडनदीच्या कांठीं शिरूर तालुक्यांत इनामगांव आहे. तेथें १९६८ पासून कित्येक हंगाम डेक्कन कॉलेजचें उत्खनन चाललें. सांकलिया, ढवळीकर व अन्सारी यांनीं संपादिलेला त्याचा वृत्तांत १९८८ सालीं निघाला. सुमारें इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांचीं घरें, धान्य, कालवा, मृतांचे रांजण यांची तेथून मिळालेली माहिती आज पाठ्यपुस्तकांत गेली आहे. ती इतकी विश्वसनीय ठरली, कारण प्रत्येक हाड व प्रत्येक खापर कोणत्या खळग्यांतलें व कोणत्या थरांतलें हें नोंदलेलें होतें. तेंच हाड नदींत वाहून आलेलें कोणी आणून दिलें असतें, तर तें बैलाचें आहे यापलीकडे कांहीं बोलतां आलें नसतें.

आणि आज नेमका हाच धोका आहे. बांधकामासाठीं घोड व भीमा यांच्या पात्रांतून वाळूचा उपसा यंत्रांनीं झालेला आहे. दरडी खचतात, कांठचीं शेतें सपाट केलीं जातात. हाडें ज्या खडी-वाळूच्या थरांत असतात, तोच थर या कामांत सर्वांत आधीं जातो. उपशांत एखादें जड हाड किंवा दाढ वर आली, तर ती ‘राक्षसाचें हाड’ म्हणून पारावर ठेवली जाते, किंवा कोणी हौशी गृहस्थ कपाटांत ठेवितो. हाड वांचलें असें आपणांस वाटतें. परंतु त्याचें ठिकाण गेलें म्हणजे त्याची साक्षही गेली. जाळलेल्या दप्तरांतून एक कोरा लखोटा वांचावा, तसेंच तें आहे.

सबब या दोन तालुक्यांतील डॉक्टर, शिक्षक व शेतकरी यांस आमची सूचना आहे, आणि ती माल्कमसन यांच्या निबंधाच्या गुणांवरून व दोषांवरून घेतलेली आहे. अश्म दिसला तर तो उचलण्यापूर्वीं गांवाचें नांव गांवकऱ्यांच्या उच्चाराप्रमाणें देवनागरींत लिहावें; नदीचा कोणता कांठ, देऊळ, पूल किंवा विहीर यांपासून किती अंतर, हें मांडावें. दरडीच्या माथ्यापासून खोली मोजावी. अश्म थरांत घट्ट बसलेला होता कीं खालीं पडलेला, हें न चुकतां सांगावें. पडलेला असेल तर तसें लिहिण्यांत कमीपणा नाहीं, न लिहिण्यांत मात्र अपराध आहे. वरचा व खालचा थर कोणत्या मातीचा, हें नोंदून शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें. प्रथम पाहणाऱ्याचें नांव व तारीख घालावी, मग तो गुराखी असो कीं वाळूवरचा मजूर असो. अश्म जागेवरच ठेवून पुण्यास डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेस कळवावें. तो हलविणें भागच पडलें, तर नोंद त्याच्यासोबत राहील अशी व्यवस्था करावी. डॉक्टरास येथें विशेष करण्यासारखें आहे. ताजें हाड हलकें व दगड झालेलें हाड जड असतें; मांडीचें हाड, कणा, दाढ यांचा भेद त्यास एका दृष्टिक्षेपांत कळतो; आणि तालुक्याच्या गांवांतला डॉक्टर जितक्या वाड्यावस्त्यांवरच्या माणसांशीं बोलतो, तितक्यांशीं पुण्याचा संशोधक कधींच बोलूं शकत नाहीं.

माल्कमसन यांच्या निबंधाचें मूल्यमापन करितांना कांहीं लोक त्यांस आद्य शोधकाचा मान देतात, कांहीं त्यांस परकीय सत्तेचा नोकर म्हणून बाजूस सारतात. पहिला मान व्हॉयसी यांचा आहे, हें वर आलेंच. दुसऱ्या आक्षेपानें शंखाचें ठिकाण बदलत नाहीं. आमच्या मतें त्यांची योग्यता एका साध्या कसोटीवर ठरते : त्यांनीं लिहिलेल्या ठिकाणीं त्यांच्यामागून गेलेल्या माणसास तो थर सांपडला. घोड-भीमेच्या कांठच्या कोणत्याही संग्रहाची परीक्षा याच कसोटीवर व्हावी. काळाचा निर्णय करण्यास पुढील पिढ्या समर्थ आहेत. त्यांस ठिकाण मात्र आपणच सांगून ठेविलें पाहिजे.